सव्वा इंचाचं दार: चिमणीसाठी लाकडी घरटं स्वतः बनवताना

बाजारात मिळणारी बरीचशी 'बर्ड हाऊस' माणसांना आवडावीत म्हणून बनवलेली असतात. लाल छप्पर, पिवळ्या भिंती, पुढे बसायला दांडी, वर लटकवायला साखळी. गॅलरीत छान दिसतात आणि वर्षानुवर्षं रिकामी राहतात. चिमणीला यातलं काहीच नको असतं. तिला हवी असते एक अंधारी, कोरडी, न हलणारी पोकळी, आणि आत शिरायला एवढंच भोक की ती जाईल पण तिच्यापेक्षा मोठं कुणी जाणार नाही. हे भोक सव्वा इंचाचं, म्हणजे 32 मिमी. ते बरोबर आलं आणि जागा बरोबर निवडली की मग तुमच्या फळ्या जरा तिरक्या कापल्या गेल्या तरी चिमणी काही गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) घेऊन तपासायला येत नाही, त्यामुळे सुतारकाम कधी केलं नसेल तरी बिनधास्त करा.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. सगळे पक्षी खोक्यात राहत नाहीत. बुलबुल वाटीसारखं उघडं घरटं करतो, शिंपी पानं शिवतो, शिंजीर लोंबतं घरटं विणतो, यांच्यासाठी खोकं टांगून काही होणार नाही. जे पक्षी भिंतीतल्या किंवा झाडातल्या पोकळीत अंडी घालतात तेच येतात: चिमणी, दयाळ, साळुंकी, पिंगळा वगैरे. त्यातली चिमणी पहिल्या प्रयत्नासाठी बेस्ट, कारण ती माणसाला बिचकत नाही आणि खोकं छोटं पुरतं. जुन्या वाड्यांत, कौलारू घरांत तिला वाशांच्या फटी, भिंतीतले कोनाडे, फोटोमागची जागा असं सगळं फुकट मिळायचं. आताच्या बिल्डिंगमध्ये सपाट प्लास्टर आणि काचा, फट म्हणून कुठे नाही, मग बिचारी मीटरच्या बॉक्समध्ये नाहीतर दुकानाच्या शटरच्या वरच्या खाचेत गवत भरताना दिसते. तुमच्या एरियात चिमण्या दिसतात पण घरटी कुठेच नाहीत, असं असेल तर तुमचं खोकं लागण्याचा चान्स चांगला. चिमण्याच दिसत नसतील तर नुसत्या खोक्याने त्या येणार नाहीत, आधी दाणापाणी आणि झाडझाडोरा बघावा लागेल.

लाकूड कुठलं घ्यायचं

वखारीत जाऊन "6 इंच रुंद, 6 सूत जाड, 4 फूट लांब फळी" मागा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार आणि वखारवाले अजून याच भाषेत बोलतात, तर 6 सूत म्हणजे पाऊण इंच, साधारण 18-19 मिमी. यापेक्षा पातळ घेऊ नका, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पातळ खोक्याची आतून भट्टी होते. सागवान उत्तम पण महाग, आणि एका खोक्यासाठी नवी फळी घेण्यात अर्थ नाही, वखारीत तुकडे पडलेले असतात ते वजनावर किंवा अंदाजाने देतात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चक्कर मारली तर असे तुकडे सहज दिसतील. पाईन किंवा देवदारही चालेल.

पॅकिंगची पॅलेट्स (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) तोडून फळ्या काढणार असाल तर त्यावरचा शिक्का नक्की बघा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं आणि बाजूला इंग्रजीत दोन अक्षरं. 'एचटी' असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, बिनधास्त वापरा. 'एमबी' असेल तर मिथाईल ब्रोमाईड नावाच्या विषारी वायूने धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या. तेलाचे किंवा केमिकलचे डाग असलेलंही नको.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (भुसा-चुरा दाबून केलेले बोर्ड) अजिबात नको, पहिल्या पावसात फुगून पोह्यांसारखं होतं. प्लायच वापरायचा असेल तर मरीन ग्रेड, म्हणजे पाण्याला टिकणारा, ज्यावर आयएस 710 छापलेलं असतं. मी प्लाय फक्त छपरासाठी वापरतो, भिंतींना खरं लाकूडच. आणि हो, आतून रंधा मारून गुळगुळीत केलेलं लाकूड चांगलं असं वाटतं पण इथे उलटं आहे, आतली बाजू खरखरीत राहू द्या, पिल्लांना वर चढायला पकड मिळते.

हत्यारं

हातकरवत, गुण्या, मेजर टेप, पेन्सिल, ड्रिल मशीन, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, कानस, पॉलिश पेपर. फळी टेबलाला आवळून धरायला एक-दोन क्लॅम्प असतील तर काम निम्मं सोपं होतं, नसतील तर घरातल्या कुणाला तरी फळीवर पाय ठेवून उभं करा. भोकासाठी 32 मिमीचा होल सॉ (ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत) किंवा तेवढ्याच मापाचा चपटा बिट लागतो. स्क्रू दीड इंची, स्टेनलेसचे घ्या. ते स्वस्तातले काळे स्क्रू बाहेरच्या कामाला नकोत, गंजतात आणि मग छप्पर उघडायची वेळ आली की डोकं तुटून हातात येतं. यासोबत सायकलची जुनी ट्यूब एक, पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते. ती कशाला ते पुढे कळेल.

मापं

- दोन बाजू: रुंदी 6 इंच, मागची कड 10 इंच, पुढची कड 8 इंच
- समोरची फळी: 6 × साडेसात इंच
- मागची फळी: 6 × 14 इंच
- तळ: साडेचार × 6 इंच (हे माप आत्ता कापू नका, खाली वाचा)
- छप्पर: 8 × साडेनऊ इंच, 12 मिमी मरीन प्लायचं

छप्पर सोडून सगळं त्या 4 फुटी फळीत बसतं आणि तीन-साडेतीन इंचांचा तुकडा उरतो, तो फेकू नका, भोक पाडायची प्रॅक्टिस त्याच्यावरच करायची आहे.

समोरची फळी 8 ऐवजी साडेसात का? छप्पर मागून पुढे उतरतं आहे, आणि समोरची फळी बाजूंच्या पुढे लागते, त्यामुळे पूर्ण 8 इंच घेतली तर तिची वरची कड छपराला नडते. चार सूत कमी घेतली की नडत नाही आणि शिवाय वर एक बारीक फट राहते, त्यातून गरम हवा बाहेर पडते. वेगळी हवेची भोकं पाडायची गरज नाही.

कापणं

बाजूच्या दोन फळ्या कापायची एक सोपी युक्ती आहे. 18 इंचांचा एकच तुकडा कापा. त्याच्या एका कडेवर एका टोकापासून 10 इंचांवर खूण करा, समोरच्या कडेवर त्याच टोकापासून 8 इंचांवर, आणि या दोन खुणा तिरक्या रेषेने जोडून कापा. एकाच कापात दोन सारख्या बाजू तयार, आणि छपराचा उतारही आपोआप दोन्हीकडे सेम.

करवत चालवताना रेषेवर नाही, रेषेच्या टाकाऊ बाजूला चालवायची, कारण करवतीचं पातं स्वतःच अर्धा-एक सूत लाकूड खातं. सुरुवातीला करवत उलटी आपल्याकडे ओढून दोन-तीन वेळा खाच पाडून घ्या, मग लांब लांब हात मारा, जोर लावायचा नाही, धार असेल तर करवत स्वतःच उतरते. शेवटचा इंचभर राहिला की खाली पडणारा तुकडा हाताने धरा नाहीतर तिथलं लाकूड चिरफाळून निघतं.

तळ सगळ्यात शेवटी. कारण वखारीत '6 इंची' म्हणून मिळालेली फळी रंधा मारल्यावर पावणेसहाच भरते, जाडीही सहा सुताच्या ऐवजी साडेपाच निघते, त्यामुळे कागदावरचं माप बघून तळ कापला की तो एकतर आत शिरत नाही नाहीतर फट राहते. फळीची खरी रुंदी मोजा, त्यातून दोन जाड्या वजा करा, जे येईल तेवढा तळ.

दार

आता मेन काम. समोरच्या फळीच्या बरोबर मध्यावर, खालच्या कडेपासून सव्वासहा इंचांवर खूण करा, हे भोकाचं केंद्र. खालून मोजायचं, वरून नाही. म्हणजे भोकाची खालची कड तळापासून साडेचार इंच वर राहते, आणि वरून कावळ्याने चोच किंवा मांजराने पंजा घातला तरी पिल्लांपर्यंत पोचत नाही.

उरलेल्या तुकड्यावर एकदा ट्राय मारून घ्या. फळीखाली दुसरं फालतू लाकूड ठेवून क्लॅम्प करा आणि ड्रिल हळू स्पीडला चालवा. मधल्या बिटचं टोक मागून बाहेर डोकावलं की थांबा, फळी उलटी करा, आणि त्या टोकाच्या भोकातून मागच्या बाजूने पूर्ण करा, असं केलं की दोन्हीकडच्या कडा स्वच्छ येतात. मग कानशीने आणि पॉलिश पेपरने कड गोलसर करून घ्या, पिसं अडकायला नकोत.

होल सॉ नसेल तर अडून बसू नका. समोरच्या फळीच्या वरच्या कडेला मध्यभागी सव्वा इंच रुंद आणि एक इंच खोल चौकोनी खाच करवतीने आणि पटाशीने (लाकूड कोरायच्या छिन्नीने) काढा. वर छप्पर आलं की तेच दार. चिमणीला गोल-चौकोनाशी काही देणंघेणं नाही, मापाशी आहे.

भोक दीड-पावणेदोन इंचांचं केलं तर साळुंकी घुसायचा प्रयत्न करते आणि चिमणीला हाकलते. आमच्याकडे दयाळसाठी म्हणून मुद्दाम 2 इंचांचं भोक ठेवून जरा मोठं खोकं लावलं आहे ते वेगळं, पण तिथे साळुंकीशी मारामारी ठरलेलीच. जिथे खारी खूप आहेत तिथे भोकाभोवती पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची चकती, तेवढंच भोक पाडून आणि कडा घासून, ठोकून टाका, नाहीतर खार दार कुरतडून मोठं करते.

भोकाखाली दांडी लावू नका. सगळ्या चित्रांत असते म्हणून लावायचा मोह होतो. चिमणी भोकाच्या कडेला पकडून सरळ आत जाते, दांडीचा उपयोग होतो तो कावळ्याला, आरामात बसून वाट बघायला.

जोडण्याआधी समोरच्या फळीच्या आतल्या बाजूला, भोकाखाली, करवतीने अर्ध्या-अर्ध्या इंचावर पाच-सहा आडव्या उथळ खाचा मारून घ्या. पिल्लांची शिडी. आणि तळाच्या चार कोपऱ्यांजवळ दोन सुती, म्हणजे 6 मिमीची चार भोकं, पाणी आत गेलंच तर निघून जायला.

जोडणी

क्रम असा ठेवा: आधी दोन बाजू आणि तळ, मग समोर, मग मागे, शेवटी छप्पर.

तळ बाजूंच्या खालच्या कडेपासून 2 सूत वर बसवायचा. अगदी खाली लेव्हलला बसवला तर भिंतींवरून ओघळलेलं पाणी तळ शोषतो आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. बसवताना खाली 2 सूत जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की आपोआप उंची मिळते. म्हणजे तळाच्या जाडीचा मध्य बाजूच्या खालच्या कडेपासून 5 सुतांवर येतो, स्क्रू त्याच रेषेवर मारा. बाकी उभ्या जोडांना स्क्रू फळीच्या कडेपासून 3 सूत आत, की तो समोरच्या 6 सुती जाडीच्या मधोमध उतरतो.

प्रत्येक स्क्रूआधी अडीच मिमीच्या बिटने भोक पाडायचंच, कंटाळा केला की कडेजवळचं लाकूड हमखास फाटतं. जोडात पाण्याला टिकणारा फेविकॉल लावा, मग स्क्रू आवळा. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने पुसा, विशेषतः आतून.

मागची फळी बाजूंपेक्षा वर 2 इंच आणि खाली 2 इंच बाहेर राहते, भिंतीला ठोकायचे स्क्रू तिथूनच जातात.

छपराच्या प्लायच्या चारी कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या, प्लाय कडेतूनच पाणी पितो. पुढच्या कडेपासून साधारण 3 सूत आत, खालच्या बाजूने, करवतीने एक आडवी उथळ खाच मारा. पावसाचं पाणी छपराच्या खालच्या अंगाला चिकटून मागे दाराकडे सरकत जातं, या खाचेशी येऊन ते खाली ठिबकतं. स्लॅबच्या छज्ज्याला गवंडी जी पट्टी काढतात त्याचंच हे छोटं रूप.

आता ट्यूब. 8 इंचांचा तुकडा उभा चिरून सपाट करा, मागच्या फळीच्या रुंदीएवढी त्याची वरची बाजू त्या फळीवर आणि खालची बाजू छपरावर येईल असा ठेवून रुंद डोक्याच्या चुका (छोटे खिळे) मारा. बिजागरीही झाली आणि जोडातून पाणीही आत जात नाही, लोखंडी बिजागरी लावली असती तर फट तशीच राहिली असती. छपराच्या पुढच्या भागात दोन्हीकडून एकेक स्क्रू बाजूंच्या उतरत्या कडेत मारून ठेवा, साफ करताना तेवढे काढायचे आणि छप्पर उचलायचं. उन्हाने ट्यूब तडकते, तेव्हा बदलायची.

रंग आतून अजिबात नाही. भोकाच्या कडेलाही नाही. बाहेरून जवसाच्या कच्च्या तेलाचे दोन हात पुरतात, किंवा पाण्यात मिसळणारा बाहेरच्या भिंतीचा फिका रंग. गडद रंग ऊन ओढतो. वास पूर्ण जाईपर्यंत आठवडाभर सावलीत वारं लागू द्या.

कुठे आणि कसं लावायचं

इथे सगळ्यात जास्त लोक गडबड करतात. खोकं दिसायला पाहिजे म्हणून हॉलच्या खिडकीसमोर लावतात, आणि चिमणीला तर बघणारं कुणी नको असतं.

जमिनीपासून किमान 8-10 फूट उंच, दार उत्तरेला किंवा पूर्वेला. पश्चिमेचं दुपारचं ऊन थेट येता कामा नये, आणि आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून मारतो म्हणून त्या दिशेलाही दार नको. छज्ज्याखाली, पोटमाळ्याच्या बाहेर, जिन्याच्या बाहेरच्या भिंतीवर, अशा जागा बेस्ट. गॅलरीच्या ग्रिलला लावायचं तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेने चार ठिकाणी आवळून बांधा, हलणारं खोकं चिमणी घेत नाही. भिंतीत 8 मिमीचं भोक, त्यात प्लग, वर दोन इंची स्क्रू. खाली किंवा बाजूला एसीचं आउटडोअर युनिट, पाईप, कठडा असं काही नाही ना ते बघा, मांजराला तेवढी पायरी पुरते.

घराच्या आत, पंख्याच्या रूममध्ये लावू नका. चिमण्या घरात घरटं करतात हे गोड वाटतं, पण सीलिंग फॅनने किती मरतात हे ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा.

चिमण्या घोळक्याने राहतात, त्यामुळे एकाच भिंतीवर दोन-तीन खोकी थोड्या अंतराने लावली तर चालतं, उलट लवकर लागतात. दयाळचं तसं नाही, तो दुसऱ्याला आसपास फिरकू देत नाही.

20 मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने 2010 पासून तो सुरू केला, आणि त्या आठवड्यात सगळीकडे खोकी वाटली जातात. लावायला कुठलाही महिना चालतो कारण आपल्याकडे चिमण्या जवळजवळ वर्षभर पिल्लं काढतात, पण जानेवारीत लावून ठेवलं तर उन्हाळ्याच्या सीझनआधी त्यांना ओळख व्हायला वेळ मिळतो. आत गवत-कापूस घालून ठेवू नका, रिकामं ठेवा, काड्या आणण्यात नराला काय आनंद असतो तो त्यालाच घेऊ दे. दाण्याची वाटी खोक्यापाशी नको, तिथे गर्दी झाली की कावळेही येतात. बाजरी, तांदळाची कणी आणि पसरट मातीच्या भांड्यात पाणी, दहा-पंधरा फूट लांब. पिल्लांना मात्र पहिले दिवस किडे-अळ्याच लागतात, म्हणून कुंड्यांवर औषध फवारणं बंद करा, कढीपत्त्यावर अळ्या पडल्या तर पडू द्या.

लागलं की

नर दारात बसून चिवचिव करायला लागला, मग काड्या जायला लागल्या, की तुमचं काम संपलं, आता लांब राहायचं. साधारण 3 ते 5 अंडी असतात, उबवायला 11 ते 14 दिवस आणि पिल्लं उडायला अजून दोनेक आठवडे. या काळात छप्पर उघडून फोटो काढायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांना-घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, पण कायदा बाजूला ठेवला तरी पिल्लं मोठी झाल्यावर उघडलंत तर ती घाबरून वेळेआधीच उड्या मारतात.

एक वीण झाली की तीच जोडी लगेच दुसरी सुरू करते, म्हणून घाईघाईने साफसफाईला जाऊ नका. आठवडाभर कुणी आत-बाहेर करत नाही याची खात्री झाली की मास्क आणि हातमोजे घालून छपराचे दोन स्क्रू काढा, जुनं गवत प्लास्टिकच्या पिशवीत भरा, त्यात बारीक किडे असतात ते अंगावर चढतात. मग उकळतं पाणी ओता, खरवडा, उन्हात कडकडीत वाळवा. कीटकनाशक, फिनेल, डांबरगोळ्या काही नको. तळाची चार भोकं तारेने मोकळी करा, स्क्रू आवळा, परत लावा.

एक अख्खा सीझन गेला आणि कुणी फिरकलंच नाही तर खोकं बदलू नका, जागा बदला. त्याआधी सकाळी अर्धा तास बाहेर उभं राहून चिमण्या कुठल्या भिंतीवर, कुठल्या वायरवर बसतात ते बघा आणि खोकं त्या बाजूला न्या.